साडेतीन किलो

वरच्या लॉजमधला पलंग सहा महिने आधी धरावा लागतो.
मी फेब्रुवारीतच धरले दोन,
ऑगस्टातल्या एका मंगळवारचे,
दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर,
दातदुखीवाल्यांना बाकावर ताटकळत ठेवून.
संध्याकाळी कुंदासांगला घरी येऊन सांगितलं:
बाबा, आपण किनाबालूवर जायचं.

ते कोबीची वरची पानं काढत होते.
"काय पोचवायचंय?" म्हणाले.

काही नाही. नुसतं जायचं.
"नुसतं?"
परक्या देशाचं नाणं उलटंपालटं करून बघावं
तसा बघितला त्यांनी हा शब्द.

एकतीस वर्षं त्यांनी वर नेलं:
गॅसच्या टाक्या, अंडी, गाद्या, तांदूळ,
एकदा एक कमोड, अखंड, पांढराशुभ्र.
कपाळावर पट्टा, मान खाली.
डोंगर त्यांना पाठ आहे,
म्हणजे पाठीलाच.
डोळ्यांना ठाऊक आहेत फक्त पायऱ्या
आणि पुढच्या माणसाच्या टाचा.
गुन्तिंगच्या टाचेला भेग होती,
मोडिनच्या रबरी बुटाला हिरवा दोरा.
कुठली पायरी हलते ते झोपेतही सांगतील.
पण तिथून काय दिसतं विचारलं तर म्हणाले,
"पुढची."

मग फॉर्म. मी वाचते, ते सांगतात.
नाव: गिम्बांग सोकुआन.
वय: "ओळखपत्रावरचं की खरं?"
गुडघ्यांचा त्रास आहे का?
त्यांनी दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं,
कोण आधी बोलतो त्याची वाट बघितली.
यापूर्वी गिर्यारोहणाचा अनुभव:
"नाही लिही."
बाबा!
"चढलो कुठे? कामाला जात होतो."
ती जागा मी मोकळी सोडली.
अजून मोकळीच आहे.

अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे:
त्यांनी आईचं नाव सांगितलं, अगदी सहज.
गेलेली माणसं तिथेच राहायला जातात, वर,
हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं,
रविवारी चर्चला जाणारंसुद्धा.
"तीच सगळ्यात जवळ असेल," म्हणाले.
पुढे फोन नंबरचा रकाना होता.
तिथे मी माझा घातला.

सामानाला हमाल हवा का? हो किंवा नाही.
इथे मात्र घोडं अडलं.
भात गार झाला.
हो म्हणावं तर मोडिनचा धाकटा येणार,
विशीतला, त्याच पायऱ्या मोजत.
त्याच्या कपाळावर आपलं ओझं?
नाही म्हणावं तर पोराची दोन दिवसांची मजुरी बुडाली.
भांडी घासून झाल्यावर बोलले:
"हो कर. पण पिशवी मी घेईन.
त्याला सांग, पैसे घे, मोकळा चल,
आणि वर बघत चल."

काल भाजीच्या काट्यावर त्यांनी पिशवी ठेवली.
रेनकोट, टॉर्च, खारवलेला मासा,
पानात बांधलेल्या भाताचा अंदाज धरून
साडेतीन किलो.
काट्याला दोनदा थापट मारली.
तेवढंच.
"एवढ्यानं तोल राहायचा नाही," म्हणाले,
"वारा उचलून नेईल."
आणि आत एक कोबी टाकला.
मग अजून एक.

ऑगस्टला चार महिने आहेत.
कोबी पिवळे पडले की ते बदलतात,
रोज सकाळी पिशवीसकट बांधावरून दोन फेऱ्या घालतात.
आज परतताना ढग सरकला,
अख्खा कडा उघडा पडला, ओला, करडा,
आणि ते थांबले.
मान वर करायला त्यांना वेळ लागतो.
पट्टा नसतो, तरी हात आधी कपाळाकडे जातो,
तो उतरवून ठेवायला.